नाळ, फेंडर आणि कर्णधार

जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) हे पुस्तक आम्ही दोघांनी आपापल्या वर्गांत बरीच वर्षे शिकवले. त्याच्या अठराव्या प्रकरणात हॅम्प्टन कोर्टच्या लॉकमधला एक प्रसंग आहे. लॉकमध्ये होड्यांची दाटी झालेली आहे, काठावर छायाचित्रकार सज्ज आहे, निवेदक आणि जॉर्ज छबीसाठी ऐटीत उभे आहेत. तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडते, की तुमच्या नाकाकडे बघा. दोघेही आपापल्या नाकाची पाहणी करतात. नाके जागच्या जागी असतात. अडकलेले असते ते होडीचे नाक, लॉकच्या लाकडी बांधणीखाली. पाणी चढत असते आणि होडी कलत चाललेली असते.

वर्गात आम्ही हा श्लेष फळ्यावर लिहून समजावीत असू. होडीच्या पुढच्या टोकाला आपल्या कोकणात ‘नाळ’ म्हणतात, त्यामुळे मराठीत या विनोदाचे काय करावे, अशी चर्चाही रंगे. नाळ म्हटले की नाकाचा विनोद जातो, आणि नवजात मूल डोळ्यांसमोर येते! मुले हसत, तास संपे. या प्रसंगात दोन माणसे बुडण्याच्या बेतात आहेत आणि ओरडणाऱ्याचे शब्द त्यांना स्वच्छ ऐकू आले असूनही त्यांचा उपयोग झालेला नाही, हे मात्र आमच्या ध्यानात कधी आले नाही. ते ध्यानात यायला आम्हांला स्वतः एका लॉकमध्ये अडकावे लागले.

हे टिपण आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे, म्हणून त्यात ‘मी’ नाही. आम्ही म्हणजे नवरा-बायको. जिथे वेगळे होणे भागच आहे, तिथे एकाला कर्णधार म्हणू आणि दुसरीला काठावरची. कर्णधार हा शब्द मुद्दाम घेतला आहे. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे कान, आणि ‘कर्ण’ म्हणजे नावेचे सुकाणूही. आमच्या कर्णधाराच्या हाती सुकाणू होते, पण डावा कान तीन वर्षांपूर्वी गेला होता आणि उजवाही त्या वाटेला लागला होता. घरात ही गोष्ट उच्चारायची नाही, असा अलिखित नियम होता. ‘तू पुटपुटतेस’ असे एकाने म्हणायचे, ‘तुम्ही लक्ष देत नाही’ असे दुसरीने. श्रवणयंत्राचा विषय निघाला, की जेवणाचे ताट सरकवले जाई. पुढे पुढे आमच्या घरात दोनच प्रकारचे आवाज उरले. एक ओरडण्याचा, आणि दुसरा दूरचित्रवाणीचा.

मुलगी मँचेस्टरला असते. तिने आम्हांला एका आठवड्यासाठी नॅरोबोट भाड्याने घेऊन दिली. नॅन्टविचजवळच्या धक्क्यावरून निघायचे, लॅंगॉलेन कालव्याने वेल्समध्ये जायचे आणि त्याच वाटेने परतायचे. निघताना तिने एक लहान खोके हाती दिले. त्यात वॉकी-टॉकींची जोडी होती. “आई, बोटीचं इंजिन मोठ्यानं वाजतं. तू ओरडू नकोस, यातून बोल.” मग थोडे थांबून म्हणाली, “तुम्ही दोघं हल्ली बोलत नाही. नुसतं ओरडता.” आम्ही दोघेही हसलो. एकमेकांकडे मात्र पाहिले नाही.

इंग्लंडचे हे अरुंद कालवे ज्यांनी पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडी माहिती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा, मातीची भांडी, चुनखडी वाहण्यासाठी हे कालवे खणले गेले. खर्च आणि पाणी वाचावे म्हणून त्यांची लॉक सुमारे सात फूट रुंदीची बांधली, आणि त्यांतून जाणाऱ्या नावा सहा फूट दहा इंचांच्या. म्हणजे नाव लॉकमध्ये शिरली, की दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच मोकळे. लॉक ही पाण्याची एक पायरी. दोन्ही टोकांना दरवाजे, दरवाज्यांत किंवा त्यांच्या कडेला पाणी सोडण्याच्या झडपा. झडपा उघडायला विंडलास नावाची लोखंडी किल्ली लागते. उतरताना नाव भरलेल्या कुंडात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे आणि पुढच्या झडपा हळूहळू उघडायच्या. पाणी ओसरते तशी नाव खाली जाते. वरच्या दरवाज्याच्या पायाशी दगडाचा एक उंबरठा असतो. नावेची मागची बाजू त्यावर टेकली आणि पुढचा भाग पाण्याबरोबर खाली गेला, तर नाव बुडते. म्हणून काठावर पांढरी रेघ ओढून उंबरठ्याची हद्द दाखवलेली असते आणि कर्णधाराने नाव तिच्या पुढे ठेवायची असते.

आमच्या वाटेवर अशी २१ लॉक होती. नाव ४५ फूट लांब, पोलादी, दहा टनांहून जड. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. भाड्याने नाव देणाऱ्या गृहस्थांनी तासभर सगळे समजावून सांगितले आणि त्यांतला मोठा वेळ फेंडरवर खर्च केला, याचे आम्हांला तेव्हा नवल वाटले. फेंडर आपल्याला अपरिचित नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचच्या अंगाला जुने टायर टांगलेले असतात, तेच त्यांचे फेंडर. इथे नाळेवर आणि मागच्या टोकाला दोरांच्या गाठींचे जाडजूड गोळे होते आणि बाजूंना टांगायला लांबट लोंबते फेंडर. काथ्याचे फेंडरही या कालव्यांवर अजून दिसतात. काथ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो मल्याळमवरून गेलेला. ‘फेंडर’ हा शब्द मात्र ‘डिफेंड’चे पहिले अक्षर गळून तयार झाला आहे.

त्या गृहस्थांनी दोन नियम सांगितले. पहिला असा, की बाजूचे फेंडर नाव काठाला बांधलेली असतानाच खाली सोडायचे. चालू लागली की वर घ्यायचे, आणि लॉकमध्ये तर घ्यायचेच घ्यायचे. दोन इंचांच्या फटीत चार इंचांचा फेंडर शिरला, तर तो नावेला वाचवत नाही, पाचरीसारखा धरून ठेवतो. दुसरे त्यांनी दाखवले, ते नाळेवरच्या फेंडरची साखळी. तिच्यात एक कडी मुद्दाम कच्ची ठेवलेली होती. फेंडर दरवाज्यात अडकला तर ती कडी तुटावी आणि नाव सुटावी, यासाठी. बाजूचे फेंडर मात्र साध्या दोरीने बांधायचे होते आणि ती गाठ आम्ही मारायची होती. कोकणात लहानपण गेलेल्या कर्णधाराने ती अशी मारली, की सोडवताना नखे दुखावीत.

वॉकी-टॉकीचे तंत्रही असेच साधे दिसते आणि तसे नसते. आमचे संच अर्ध्या वॅटचे, विनापरवाना वापरता येणारे. बटण दाबले की बोलता येते, सोडले की ऐकू येते. दोन्ही एकदम होत नाही. टेलिफोनवर दोघे एकमेकांचे बोलणे तोडू शकतात, इथे ती सोयच नाही. एकाने बटण दाबून ठेवले, की दुसऱ्याला ऐकावेच लागते. शिवाय बटण दाबताक्षणी बोलू लागले, तर पहिले अक्षर जाते, आणि वाक्य संपायच्या आत बोट उचलले, तर शेवटचे.

आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारीत नाहीत, ‘अहो’ म्हणतात. काठावरचीने पहिल्या दिवशी बटण दाबून घाईने ‘अहो’ म्हटले आणि ते कर्णधारापर्यंत पोहोचलेच नाही. त्याला नुसते ‘दार उघडलंय’ ऐकू आले आणि हे आपल्याला उद्देशून आहे की शेजारच्या नावेला, हे कळेना. वास्तविक त्या सगळ्या कालव्यावर ‘अहो’ या हाकेला ओ देणारा एकच माणूस असणार! मग बटण दाबायचे, एक श्वास थांबायचे आणि मग ‘अहो’ म्हणायचे, असे ठरले. त्या एका श्वासाने आवाजाचा सूरच बदलतो, हा अनुभव आम्हांला नवा होता. श्वास घेऊन म्हटलेले ‘अहो’ रागाचे राहत नाही.

पहिले तीन दिवस बरे गेले. संच कर्णधाराच्या उजव्या खांद्यावर, कानाजवळ अडकवलेला असे. काठावरची दिसत नसतानाही तिचा आवाज खांद्याशी असे. घरात समोरासमोर बसून जे ऐकू येत नव्हते, ते पन्नास पावलांवरून स्वच्छ ऐकू येऊ लागले. मधूनच दुसऱ्या कुटुंबाचे बोलणेही त्याच चॅनेलवर येई. कोणी लहान मुलगी आपल्या वडिलांना पुढच्या पुलाखाली बदके आहेत, असे बजावीत होती. आम्ही संध्याकाळी त्या मुलीविषयी बोललो. बऱ्याच दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीविषयी बोलत होतो.

चौथ्या दिवशी पाँटकसिल्टे जलसेतू आला. थॉमस टेलफर्डचा, १८०५ मध्ये वाहतुकीला खुला झालेला, २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेला. डी नदीच्या वर सुमारे ३८ मीटर उंचीवरून लोखंडी नळीसारखा कालवा जातो. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला नावेच्या कडेपलीकडे काहीच नाही. काठावरची पायवाटेने चालत होती. तिने काळजीने सांगितले, ‘खाली बघू नका’. घाबरून तिचे बोट लवकर उचलले गेले आणि कर्णधाराला ऐकू आले, ‘खाली बघू’. त्याने आज्ञाधारकपणे खाली पाहिले. पलीकडे पोहोचल्यावर आम्ही दोघेही पोट धरून हसलो.

हसता हसता भाषेच्या शिक्षकांना जे सुचायचे, तेही सुचले. मराठीत नकार शेवटी येतो. बोट लवकर उचलले, की तो नाहीसा होतो आणि मनाईची संमती होते. इंग्रजीत नकार आधी येतो, म्हणून तिथे बटण उशिरा दाबणारा घात करतो. ही गोष्ट तेव्हाच गांभीर्याने घ्यायला हवी होती. आम्ही ती वर्गात सांगायला बरे उदाहरण म्हणून वहीत टिपून ठेवली आणि पुढे निघालो.

लॅंगॉलेनच्या अलीकडे कालवा डोंगराच्या कडेने जातो आणि काही तुकड्यांत इतका अरुंद होतो, की दोन नावा समोरासमोर मावत नाहीत. एकाने पायी पुढे जाऊन वाट मोकळी आहे का, ते पाहायचे आणि मागच्याला कळवायचे, अशी तिथली रीत आहे. काठावरची पुढे गेली. समोरून नाव येत होती. तिने ‘येऊ नका’ म्हटले. कर्णधाराला ‘येऊ’ एवढेच ऐकू आले. उरलेले त्याने मनाने भरून घेतले, ‘येऊ द्या’. बहिरेपणात माणूस ऐकण्यापेक्षा भरून घेण्यातच अधिक तरबेज होतो. दोन्ही नावा नाळेला नाळ लागून थडकल्या. पुढच्या फेंडरांनी धक्का सोसला, कोणाचेही नुकसान झाले नाही, समोरच्या जोडप्याने समजूतदारपणे नाव मागे घेतली. पण काठावरची सगळ्यांदेखत ओरडली, “सांगितलेलं एकदा तरी ऐकाल का?” हे मात्र शब्दन् शब्द ऐकू आले. त्या संध्याकाळी कर्णधाराने संच बंद करून खिशात टाकला. परतीच्या वाटेवर तो खिशातच राहिला.

त्या रात्री आम्ही दोघांनी दोन टोकांना बसून वाचन केले. सोबत एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ (१९४४) होते. मरणपंथाला लागलेल्या या कालव्यांकडे इंग्रज वाचकांचे लक्ष वेधणारे हे पुस्तक. ज्या वर्षी ते निघाले, त्याच १९४४ साली आम्ही जिथे नांगरलो होतो, त्या कालव्यावरचा वाहतुकीचा हक्क कायद्याने संपवण्यात आला होता. कालवा बुजला नाही, याचे एक कारण असे, की तो हर्लस्टनच्या जलाशयाला पाणी पुरवीत होता. रोल्ट आणि त्यांची पत्नी अँजेला यांनी ‘क्रेसी’ या नावेवर संसार थाटला. १९४६ मध्ये त्यांनी रॉबर्ट एकमन यांच्यासह कालव्यांसाठी संघटना उभारली. १९५१ मध्ये रोल्ट त्या संघटनेबाहेर फेकले गेले, आणि त्याच वर्षी नावेवरचा संसारही मोडला. पुस्तकात अर्थातच हे काही नाही. ते त्याआधीचे आहे, आणि त्यातला प्रवास शांत पाण्याचा आहे. आमच्यापैकी एकाने ही हकीकत मोठ्याने वाचून दाखवावी असे मनात आणले. पण वाचून दाखवण्याची सवय केव्हाच मोडली होती.

परतताना ग्रिंडली ब्रूकला सहा लॉक उतरायची असतात. वरची तीन एकमेकांना जोडलेली, जिन्यासारखी, खालची तीन सुटी. जिना उतरून झाल्यावर आम्ही काठाला थोडे टेकलो आणि चहा घेतला. टेकताना एक फेंडर खाली सोडला. निघताना तो वर घ्यायचे कर्णधाराला वाटले काठावरचीचे काम, काठावरचीला वाटले कर्णधाराचे. विचारायला बोलावे लागले असते.

दुसऱ्या सुट्या लॉकमध्ये नाव शिरली. मागचे दरवाजे लागले. खालच्या बाजूला एक नाव वर यायची वाट पाहत होती. तिच्यावरची एक वयस्क बाई मदतीला आली आणि तिने पलीकडची झडप घेतली. पाणी उतरू लागले. फूट-दीड फूट उतरले आणि नाव एका अंगावर कलली. डावी बाजू फेंडरने भिंतीला धरून ठेवली होती, उजवी पाण्याबरोबर चालली होती. आत फडताळातल्या बशा घसरून फुटल्या. काठावरची ओरडली, “फेंडर! फेंडर!” कर्णधाराला इंजिनाच्या आवाजात तिचे तोंड तेवढे हलताना दिसले. सबंध आठवडा त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती, ती उंबरठ्याची. तेव्हा ती ‘पुढे, पुढे’ म्हणत असणार, असे त्याने भरून घेतले आणि नाव पुढे रेटली. पाचर आणखी घट्ट बसली.

आम्हांला वाचवले त्या बाईने. तिला मराठी येत नव्हते, पण ‘फेंडर’ कळला, किंवा कललेली नाव पाहून तिने ताडले. तिने आपली झडप तत्काळ खाली टाकली. ते पाहून काठावरचीनेही आपली टाकली. मग दोघी वरच्या टोकाला धावल्या आणि तिकडच्या झडपा हळूच उघडल्या. पाणी पुन्हा चढू लागले, नाव सरळ झाली, फेंडर सुटला आणि पाण्यावर लोंबकळत राहिला. हे सगळे दोन-तीन मिनिटांत झाले असेल. त्या बाईने कर्णधाराला हाताने खूण केली, की इंजिन बंद करा.

इंजिन बंद झाल्यावर फार शांत वाटले. काठावरची आठ फुटांवर उभी होती आणि तिचे हात थरथरत होते. कर्णधाराने फेंडर वर घेतला. मग खिशातून संच काढला, चालू केला, बटण दाबले आणि ठरल्याप्रमाणे एक श्वास थांबला.

“अगं, मला ऐकू येत नाही.”

त्यातला ‘नाही’ पूर्ण येईपर्यंत त्याने बोट उचलले नाही. तीन वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कोणी म्हटले नव्हते. काठावरचीने आपला संच तोंडाशी नेला. समोर उभे असलेल्या माणसाशी यंत्रातून बोलणे त्या बाईला चमत्कारिक दिसले असेल.

“ऐकलं,” ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. नकाराची वाक्ये बंद केली. ‘येऊ नका’ऐवजी ‘थांबा’, ‘उघडू नको’ऐवजी ‘थांब’. पुढून तोडले काय अन् मागून तोडले काय, या शब्दाचा उलटा अर्थ निघत नाही. आणि जागा बदलल्या. काठावरचीने सुकाणू घेतले, कर्णधार विंडलास घेऊन काठावर गेला. दरवाज्याच्या तुळया जड असतात, त्या ढकलायला त्याचे बळ कामी आले. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवे होते. पण सुकाणू पुरुषाच्या हाती, हा समज आम्ही पुण्याहून बरोबर नेला होता.

शेवटच्या दिवशी हर्लस्टनची चार लॉक उतरलो. प्रत्येकाआधी खांद्याशी आवाज येई, “अहो, फेंडर?” आणि काठावरून उत्तर जाई, “वर घेतलेत. ये.”

संच मुलीकडे परत दिले. पुण्याला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. यंत्र बसले आहे. त्यातून भांड्यांचा आवाज फार मोठा येतो आणि माणसांचा पुरेसा येत नाही, अशी तक्रार रोज असते. पण ती तक्रार मोठ्याने केली जाते आणि ऐकूनही घेतली जाते. यंदा जेरोमचे ते प्रकरण पुन्हा शिकवायचे आहे. नाकाचा श्लेष फळ्यावर लिहूच. पण त्याआधी मुलांना विचारणार आहोत, की काठावरच्या माणसाने काय ओरडायला हवे होते?